सीझरनंतर खायला कधी द्यायचं? गॅस पास व्हायची वाट पाहत बसू नका

आमच्या घरात बहिणी, भावजया, नणंदा, जिचं सीझर झालं तिच्यासोबत दवाखान्यात मीच राहिली, आणि दरवेळी कोणीतरी मावशी-काकू येऊन सांगतेच, दोन दिवस पोटात काही घालू नका बाई, टाके पिकतात. ऐकू नका.

आधी नर्सला विचारून घ्या, भूल कमरेतून दिली की पूर्ण दिली. पूर्ण दिली असेल तर बाई नीट जागी होऊ द्या. मग डॉक्टरांनी हो म्हटलं की घोट घोट पाणी, ते पचलं की नारळपाणी, चहा, वरणाचं पाणी.

आता खरी अडचण. गॅस पास झाल्याशिवाय जेवण नाही, यावर सगळं घर अडून बसते. माझ्या स्वतःच्या सीझरला मला असंच उपाशी ठेवलं होतं, चक्कर येऊन राहिली होती, बाळाला नीट धरताही येत नव्हतं. सीझरमध्ये चिरा गर्भाशयाला असतो, आतड्याला नाही. आतडी थोडी सुस्त पडतात एवढंच, आणि खाल्ल्यानं, उठून चार पावलं चालल्यानं ती लवकर कामाला लागतात. ऑपरेशननंतर पेशंट लवकर बरा व्हावा यासाठी काम करणाऱ्या ईआरएएस सोसायटी या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात तर सीझरनंतर दोन तासांच्या आत साधं जेवण चालते असं आहे. आपल्याकडे नागपुरात मेडिकल, डागा हे सरकारी दवाखाने असो की खाजगी दवाखाना, वेळ थोडी मागेपुढे होते, ती डॉक्टरच ठरवतील, काकू नाही! फक्त पोट नगाऱ्यासारखं ताणलं, उलट्या थांबेना, तर खाणं बंद करून लगेच डॉक्टरला बोलवा, आणि ऑपरेशनमध्ये काही गुंतागुंत झाली असेल तर डॉक्टर म्हणतील तेच करा.

पहिलं जेवण मऊ खिचडी किंवा वरण-भात, वरून थोडं तूप. भातानं टाके पिकत नाहीत. सावजी रस्सा मात्र काही दिवस राहू द्या, त्या तिखटानं जळजळ होते.

पाणी भरपूर द्या, कमी पाण्यानं संडास कडक होते आणि जोर लावला की टाके दुखतात, त्यात लोहाच्या गोळ्या सुरू असल्या तर अजूनच. संत्रं थंड म्हणून नागपुरात राहून बाळंतिणीला संत्रं न देणारी घरं मी पाहिली आहेत, अरे त्यातल्या क जीवनसत्त्वानं लोह अंगी लागते, खुशाल द्या. दूध पाजणाऱ्या बाईला रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात, त्यामुळे पोटभर वाढा.

डिंकाचे लाडू संडास नीट व्हायला लागल्यावरच, आणि सुरुवातीला अर्धाच.