पाचट ठेवावं की काढावं? सात वर्षांचा प्रयोग आपल्याच रानात

इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला एकाच रानात १८४३ पासून गव्हाचा खत-प्रयोग चालू आहे. आपल्याला एवढा दम नको, उसाचे दोन फेरे पुरेत. आडसाली लागण (दीड वर्षाचा ऊस) आणि दोन खोडवे (तुटलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) मिळून एक फेरा साधारण साडेतीन वर्षांचा.

प्रश्न एकच घ्या: तोडणीनंतर उरलेला उसाचा वाळका पाला, म्हणजे पाचट, रानात ठेवावं की काढावं. पाचटाबरोबर नवी जात, ठिबक, जीवामृत असं सगळं एकदम केलंत तर फरक कशानं पडला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

लागणीचा ऊस तुटला की शेजारी-शेजारी सहा पट्टे आखा, प्रत्येकी पाच सऱ्यांचे. पट्टे उताराच्या दिशेनं काढा, म्हणजे चढ आणि पाणथळ टोक दोन्ही प्रत्येकाच्या वाट्याला येतं. दोन-दोन पट्ट्यांची जोडी करून छापा-काटा करा: एकात पाचट ठेवायचं, दुसऱ्यातलं बांधाबाहेर काढायचं. पेटवू नका, आगीला पट्ट्याची हद्द कळत नाही. ठेवलेल्या पाचटावर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक टाका. हा वरखर्च पाचटाच्याच खात्यावर मांडा. बाकी खतपाणी सगळीकडे सारखं.

खत टाकण्याआधी प्रत्येक पट्ट्यात आठ-दहा जागी वीतभर खोल इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घेऊन माती काढा, मिसळा, त्यातली अर्धा किलो तपासणीला द्या. पुढेही तोडणीनंतर याच वेळी. मातीचा कस दाखवणारा सेंद्रिय कर्ब दोन वर्षांत फारसा हलत नाही, निराश होऊ नका.

खरी गोची तोडणीला होते. टोळी आली की सगळा ऊस एकाच ट्रॉलीत जातो. माझं पहिलं वर्ष असंच गेलं. म्हणून आदल्या दिवशीच कडेच्या सऱ्या सोडून मधल्या तीन सऱ्यांत प्रत्येकी दहा फूट मोजा, गाळपाचे (कारखान्याला जाण्याजोगे) ऊस मोजा आणि त्यातले दहा तोडून वजन करा.

पावसाचं माप आपल्याच रानात ठेवा. कोल्हापूर जिल्ह्यातच गगनबावड्यात धो-धो कोसळत असताना शिरोळात ऊन असू शकतं. २०१९ किंवा २०२१ सारखा पूर आला तर पाणी किती दिवस उभं राहिलं आणि कुठल्या पट्ट्यातला ऊस आधी सावरला, ते लिहा. तुलना त्याच वर्षातल्या दोन पट्ट्यांची करा, मागच्या वर्षाशी नको.

आणि या नोंदींची वही शेतातल्या खोपीत ठेवू नका.