गाणी ऐकून इंग्लिश उच्चार सुधारायचेत? मग असं करा

नुसती इंग्लिश गाणी कानात लावून फिरलं की उच्चार सुधारत नाहीत हे आधीच सांगते, गाणं तोंडात बसावं लागतं. त्यासाठी एकच गाणं घ्या, संथ, कमी वाद्यांचं, शब्द स्वच्छ ऐकू येतील असं. रॅप सध्या बाजूला ठेवा.

लिरिक्स लगेच उघडू नका. पहिलं कडवं दोन-तीनदा ऐका आणि कानाला जे ऐकू येतंय ते तसंच देवनागरीत लिहून काढा, स्पेलिंगचा विचार अजिबात नको. मग लिरिक्स शेजारी ठेवून बघा. समजा तुम्ही 'पिकिटप' लिहिलंय आणि तिकडे निघाले तीन शब्द, पिक, इट, अप! सगळी गंमत इथेच आहे, इंग्लिशमध्ये शब्दाच्या शेवटचं व्यंजन पुढच्या स्वराला जाऊन चिकटतं आणि आपल्याला एकेक शब्द सुटा वाचायची सवय असते म्हणून आपलं बोलणं तुटक वाटतं. माझ्या मते गाण्यातून शिकण्यासारखं सगळ्यात जास्त हेच.

आता एकच ओळ पकडा, प्लेबॅक स्पीड ०.७५ करा आणि गायकाच्या पाठोपाठ म्हणा, समोर आरसा ठेवून. 'व्हेरी' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकले पाहिजेत, 'विंडो' म्हणताना मात्र ओठांचा चंबू, दात कुठेच लागायला नकोत. 'थिंक'मधला थ पण आपला थ नाही, जिभेचं टोक दातांच्या मधे हलकंच ठेवून हवा सोडत राहायची.

ओळ जमली की चाल काढून टाका आणि कुणाशी तरी बोलताय अशी ती नुसती बोला, ही पायरी प्लीज गाळू नका, कारण गाण्यात चालीसाठी स्वर ताणलेले असतात, कधी कधी जोरही भलत्याच ठिकाणी पडतो आणि तेच बोलण्यात आलं की विचित्र वाटतं. शंका आली तर ऑनलाइन डिक्शनरीत स्पीकरचं बटण दाबून ऐका. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असतो, 'फोटोग्राफर'मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो, असल्या गोष्टी गाण्यावरून नक्की कळत नाहीत.

आणि हो, बरेच ब्रिटिश गायक गाताना अमेरिकन वळणाने गातात, त्यामुळे ब्रिटिश अ‍ॅक्सेंट हवा असेल तर मुलाखती ऐका.

बोललेली ओळ मोबाइलवर रेकॉर्ड करा, ओरिजिनल ऐका, लगेच आपली ऐका, शब्द तसेच जोडले जातायत असं वाटलं की मगच पुढची ओळ घ्या.