मेडिकल आणि इंजिनिअरिंग एकत्र: प्रवेश घेण्याआधी

मेडिकल आणि इंजिनिअरिंग एकाच कोर्समध्ये शिकतेय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे तू नक्की होणार कोण?" लोक चेष्टेत विचारतात. तुम्ही मात्र फॉर्म भरण्याआधी विद्यापीठाला हे अगदी गंभीरपणे विचारा, कारण उत्तर जागोजागी वेगळं आहे.

मिलानमधलं मेडटेक स्कूल घ्या. हुमानितास विद्यापीठ आणि पोलितेक्निको हे तिथलं तंत्रविद्यापीठ यांनी मिळून ते २०१९ मध्ये सुरू केलं. सहा वर्षांनी डॉक्टरची पदवी मिळते, जोडीला बायोमेडिकल इंजिनिअरिंगची बॅचलर. अमेरिकेत टेक्सास ए अँड एमच्या एनमेड या कोर्समध्ये चार वर्षांत एमडी (तिकडची डॉक्टरची मूळ पदवी) आणि इंजिनिअरिंगची मास्टर्स होते, पण त्याआधीची एक पदवी हातात लागते. अमेरिकेतल्याच कार्ल इलिनॉय मेडिकल कॉलेजात २०१८ मध्ये पहिली बॅच आली. तिथे पदवी एकच, एमडी, इंजिनिअरिंग तिच्यातच मुरवलेलं. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचं टेक्निकल मेडिसिन तर वेगळंच प्रकरण आहे. तीन अधिक तीन वर्षं शिकून तुम्ही रुग्णांसोबत काम करता, पण डॉक्टर नव्हे, टेक्निकल फिजिशियन म्हणून. तिथल्या कायद्यात या पदाला जागा आहे. दुसऱ्या देशात ती असेलच असं धरून चालू नका.

आता अभ्यासाचं. अ‍ॅनाटॉमीला बैठक लागते, गणिताला सराव, आणि दोन्ही एकाच आठवड्यात अंगावर येतात. गणित रविवारवर ढकलणाऱ्यांचे हाल मी जवळून पाहिलेत. रोज थोडं सोडवा. लिनिअर अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि फूरिए (सिग्नल वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींत फोडायचं गणित) एवढं पक्कं असेल तर पुढचं बरंचसं सोपं जातं. कोडिंग येत नसलं तरी बिघडत नाही, ते होतं.

हा खटाटोप कशासाठी, ते मला ईसीजीच्या एका प्रॅक्टिकलला कळलं. वर्गातलाच एक मुलगा आडवा झोपलेला, इलेक्ट्रोड लावलेले, आणि श्वासाबरोबर सगळी रेघ वरखाली डुलत होती. आम्ही फिल्टरची खालची मर्यादा (तिच्याहून हळू बदल गाळले जातात) ०.०५ हर्ट्झवरून ०.५ हर्ट्झवर नेली. डुलणं थांबलं, रेघ छान सरळ आली. पण एसटी सेगमेंटचा, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या उंच टोकानंतरच्या रेघेच्या तुकड्याचा, आकारही बदलला! हा भाग हळू बदलणारा. साध्या फिल्टरला तो आणि श्वासाचं डुलणं यांतला फरक कळत नाही. आणि हार्ट अ‍ॅटॅकची शंका आली की डॉक्टर नेमकं तिथेच बघतात. म्हणून रुग्णाच्या खाटेजवळच्या मॉनिटरवर चालणारं सेटिंग निदानाच्या ईसीजीला चालेलच असं नाही. एसटी म्हणजे काय ते फिजिओलॉजीत झालं होतं, फिल्टर सिग्नल प्रोसेसिंगमध्ये. दोन्ही एका टेबलावर आले ते त्या दिवशी.

माझ्या मते कोर्स निवडताना हा सांधाच तपासायचा. नुसते दोन अभ्यासक्रम शेजारीशेजारी ठेवलेले असतील तर ओझं दुप्पट आणि फायदा बेताचाच. माहितीपत्रकात एआय आणि रोबोटिक्स हे शब्द तर सगळीकडेच असतात (फोटोत रोबोटचा हातही असतो), त्यावर जाऊ नका. विचारायचं ते हे: एकच विषय डॉक्टर आणि इंजिनिअर मिळून शिकवतात का? प्रोजेक्टला प्रश्न कुठून येतो, वॉर्डातून की प्राध्यापकांच्या कपाटातून?

ज्यांना मशीनच आवडतं आणि वॉर्डातल्या रात्री नकोशा वाटतात त्यांनी सरळ बायोमेडिकल इंजिनिअरिंग करावं. ज्यांना फक्त सर्जन व्हायचंय त्यांना साधं मेडिकल पुरेसं आहे. या पदवीने स्पेशलायझेशनची वर्षं काही कमी होत नाहीत.

शक्य असेल तर तिसऱ्या वर्षातल्या मुलांना गाठा आणि परीक्षांचं वेळापत्रक मागून घ्या. पॅथॉलॉजी आणि इंजिनिअरिंगचे पेपर लागोपाठच्या दिवशी ठेवले असतील, तर ते दोन विभाग एकमेकांशी किती बोलतात ते तिथेच कळेल.