मॅचिंग ब्लाउजपीस घेताना उजेड कसा पारखावा

दुकानात साडीशी तंतोतंत जुळलेले ब्लाउजपीस घरी आल्यावर वेगळेच वाटते, याचा दोष बहुतेक वेळा नजरेचा नसून दिव्यांचा असतो. कापडावर पडलेल्या प्रकाशातला जो भाग परत फिरतो तोच आपल्याला रंग म्हणून दिसतो. त्यामुळे दिव्यात जे रंगकिरण मुळातच कमी आहेत, ते कापडावरही खुलत नाहीत. सुमारे 2700 केल्विनच्या (केल्विन म्हणजे दिव्याच्या रंगछटेचे माप) पिवळ्या दिव्यात जरीचे काम आणि आंबा व डाळिंबी हे रंग उजळतात, तर निळा व जांभळा काळवंडतात. 6500 केल्विनच्या पांढऱ्या एलईडीत निळे रंग उठून दिसतात. मात्र साध्या एलईडीत गडद लाल किरण कमी असल्याने कुंकवासारखा लाल मलूल वाटतो.

मॅचिंग सेंटरमध्ये जाताना मोबाइलमधला फोटो नव्हे, साडीच न्यावी. पसंतीचे दोन-तीन ब्लाउजपीस दिवसाउजेडी दुकानाच्या दाराशी, थेट ऊन टाळून सावलीत न्यावेत आणि साडीच्या काठाला मध्ये फट न ठेवता भिडवून पाहावेत. एवढ्यावर थांबू नये. साडीचे रेशीम आणि ब्लाउजचे सुती कापड वेगवेगळ्या रंगद्रव्यांत रंगवलेले असते, त्यामुळे एका प्रकाशात एकसारखे दिसणारे दोन रंग दुसऱ्या प्रकाशात फटकून वागू शकतात. म्हणून तीच जोडी पिवळ्या दिव्याखाली आणि पांढऱ्या ट्यूबखालीही तपासावी. विक्रेता घाई करत असला तरी ही पायरी सोडू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

धूपछाव पैठणीला अधिक वेळ द्यावा लागतो. तिचे उभे धागे एका रंगाचे व आडवे दुसऱ्या रंगाचे असल्याने गादीवर पसरलेली मोरपंखी साडी खांद्यावर घेताच हिरवीकडे किंवा निळीकडे झुकते. ती अंगावर जशी पडेल तशी उभी धरून, नेसल्यावर जो रंग अधिक दिसतो त्याच्याशी ब्लाउज जुळवावे.

पांढऱ्या कापडात चमक आणणारी द्रव्ये सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे निळसर उजळतात, एलईडीत जवळपास नाही. त्यामुळे पांढऱ्याशुभ्राची पारख दिवसाच्या उजेडातच करावी.

सर्व प्रकाशांत जुळणारे कापड मिळालेच नाही, तर साडी कुठे नेसायची ते पाहावे: सकाळच्या मुहूर्तासाठी दाराशी जुळलेले, संध्याकाळच्या स्वागतसमारंभासाठी पिवळ्या दिव्याखाली जुळलेले घ्यावे.