तोतोरो दुसऱ्यांदा बघताना काय काय बघायचं

पहिल्यांदा काही करू नका, ८६ मिनिटं आरामात बसून 'माय नेबर तोतोरो' सरळ बघून टाका. हे सगळं दुसऱ्या वेळेसाठी लिहितोय, कारण हायाओ मियाझाकीचा हा १९८८चा जपानी ॲनिमेशन पिक्चर बघून बरेच जण म्हणतात छान आहे पण त्यात घडत काहीच नाही. अहो घडतं ना, दारात घडतं, चुलीपाशी घडतं, न्हाणीघरात घडतं.

तर आधी ऑडिओ जपानी करा आणि सबटायटल लावा. दोन बहिणींतली मोठी सात्सुकी शाळेला निघताना ओरडते 'इत्तेकिमास', इंग्रजीत याला धड शब्दच नाही पण आपल्याकडे आहे, इत्ते म्हणजे जाऊन आणि किमास म्हणजे येते, अक्षरशः आपलं 'जाऊन येते'! माझी आजी नुसतं 'जाते' कोणाला म्हणू द्यायची नाही, त्यामुळे हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

मग पायांकडे बघा. नवीन घरात आल्यावर मुली इतक्या घाईत असतात की बूट काढायला वेळ नाही, मग त्या गुडघ्यांवर रांगत आत जातात, का तर बुटाचा तळ घरातल्या जमिनीला लागायला नको. एका सेकंदाची गोष्ट आहे, पॉज करून बघा.

डब्याच्या सीनला तर थांबाच. आई दवाखान्यात, म्हणून सात्सुकीच सकाळी उठून सगळ्यांचे डबे भरते, पांढरा भात, त्यात उमेबोशी म्हणजे खारवलेलं लालसर आंबट फळ, छोटा मासा आणि गुलाबी रंगाचा देन्बु, म्हणजे माशाचा गोडसर भुगा. धाकट्या मेईला स्वतःचा डबा मिळतो तेव्हा तिचा चेहरा बघा फक्त.

चित्रांसाठी वेगळा वेळ काढा. बॅकग्राउंडचं काम काझुओ ओगांचं आहे, पोस्टर कलरमध्ये हाताने रंगवलेलं. ज्या फ्रेममध्ये माणूस नाही ती थांबवा आणि हिरवे किती आहेत ते मोजा, भाताचा वेगळा, गवताचा वेगळा, झाडाखालच्या सावलीतला अजून वेगळा. गाव १९५०च्या दशकातलं आहे, तोक्योजवळच्या सायामा टेकड्यांच्या भागावरून घेतलेलं.

त्या मोठ्या कापराच्या झाडाला जाड दोर बांधलाय तो शिमेनावा, म्हणजे इथे देवाचा वास आहे. आपल्याला लगेच वटपौर्णिमेचं सूत आठवतं पण ते नवऱ्यासाठीचं व्रत, हा जागेच्या पावित्र्याचा दोर, घोळ करू नका. बाबा मुलींना ओळीत उभं करून झाडाला वाकून नमस्कार करतात. आणि पुढे पावसात जिझोच्या, म्हणजे मुलांना आणि वाटसरूंना सांभाळणाऱ्या देवाच्या, छोट्या देवळात आडोशाला थांबायचं तर मुली आधी देवाची परवानगी मागतात, हे मला फार आवडतं.

शेवटी बसस्टॉपचा सीन, हा हेडफोन लावून, आधी डोळे मिटून. संगीतकार जो हिसाइशी, त्यांचं संगीत इथे घाई करत नाही, आधी नुसता पाऊस ऐकू येतो. मियाझाकीने २००२ मध्ये समीक्षक रॉजर ईबर्टला टाळ्या वाजवून दाखवलं होतं की दोन टाळ्यांमधली जी रिकामी वेळ तिला 'मा' म्हणतात, ती इथे कानांनी पकडता येते. मग डोळे उघडा आणि बघा, तो जंगलातला मोठा केसाळ प्राणी तोतोरो छत्रीवर टपटप थेंब पडल्यावर इतका खूश होतो की उडी मारतो, झाडांवरचं सगळं पाणी धाडकन एकदम खाली, तिथे आवाज थोडा वाढवून ठेवा.