शनिवार-रविवारात प्राग करायचं असंल तर

आमच्या मराठवाड्यातली लई पोरं जर्मनीत शिकायलेत, त्यांच्यासाठी सांगतो. प्रागला, म्हणजे चेक देशाच्या राजधानीत, शुक्रवारी रात्रीच पोचा, बर्लिनहून ट्रेनला चार-साडेचार तास लागतात, तिकीट आधी काढलं की स्वस्त पडतं. जर्मनीचं रेसिडेन्स परमिट असलं की वेगळा व्हिसा नको, पण पासपोर्ट जवळ ठेवा.

चार्ल्स ब्रिज मात्र दिवस उगवायच्या टायमालाच गाठा, १३५७ ला बांधायला घेतलेला पूल, ५१६ मीटर लांब, दोन्हीकडं मिळून ३० पुतळे, अन् नऊ-दहा वाजले की पाय ठेवायला जागा नसती, पैठणची नाथषष्ठी परवडली. मग २२ नंबरच्या ट्रामनं किल्ल्यावर जा अन् उतरताना पायी या, उलटं केलं तर दौलताबादसारखा दम निघतो.

जुन्या शहराच्या चौकातलं १४१० चं खगोलीय घड्याळ बघाच, पण तासाला बाहुल्या फिरतात ते मिनिटभरातच संपतं, त्यासाठी अर्धा तास उभं राहू नका.

पैसा कोरुना, युरो नाही. रस्त्यावर बदलून घेऊ नका, अन् एटीएमनं तुमच्या करन्सीत कापू का विचारलं तर नाही म्हणा, तिथंच गंडवतात.

धपाटे अन् शेंगाची चटणी बांधून न्या. तिथलं जेवण बहुतेक मटणामांसाचंच.