ओपन चॅम्पियनशिपचा इतिहास आणि विक्रम कसे वाचावेत

1860 साली स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथे सुरू झालेली ओपन चॅम्पियनशिप ही गोल्फच्या चार मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या, स्पर्धांपैकी सर्वांत जुनी असून, तिच्या विजेत्यांची यादी कोठेही सहज मिळते. मात्र ती यादी एका दमात वरपासून खालपर्यंत वाचली, तर सगळे आकडे एकाच मापाचे आहेत असा ग्रह होतो आणि तुलना तेथेच फसते. म्हणून कोणत्याही विक्रमाकडे वळण्यापूर्वी तो किती होलांच्या (होल म्हणजे ज्यात चेंडू घालायचा तो खळगा; कमीत कमी फटक्यांत सगळे होल पूर्ण करणारा जिंकतो), कोणत्या मैदानावरच्या आणि कोणत्या नियमांखालच्या खेळाचा आहे, हे आधी पाहावे.

आरंभ वर्षांच्या मोजणीपासून करावा. 1860 ते 2022 ही वर्षे दोन्ही टोके धरून 163 भरतात. तरीही 2022 मध्ये सेंट अँड्र्यूज येथे झालेली स्पर्धा 150वी होती. मधली 13 वर्षे गळाली, ती अशी : महायुद्धांमुळे 1915 ते 1919 आणि 1940 ते 1945, कोरोनाच्या साथीमुळे 2020, आणि 1871. या शेवटच्या वर्षाचे कारण मोठे रंजक आहे. सुरुवातीला विजेत्याला तांबड्या मोरोक्को चामड्याचा पट्टा वर्षभरासाठी मिळत असे आणि सलग तीनदा जिंकणाऱ्याकडे तो कायमचा राहील, असा नियम होता. धाकट्या टॉम मॉरिस यांनी 1868, 1869 आणि 1870 या तिन्ही स्पर्धा जिंकून पट्टा घरी नेला आणि द्यायला बक्षीसच न उरल्याने पुढच्या वर्षी स्पर्धा भरली नाही. 1872 मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हाही तेच जिंकले आणि क्लॅरेट जग या नव्या चषकावर पहिले नाव त्यांचेच कोरले गेले. त्यांचे चार विजय सलग मानले जातात ते स्पर्धांच्या हिशेबाने, वर्षांच्या नव्हे. अशा ठिकाणी वहीत तळटीप हवीच.

पुढचे काम म्हणजे 1892 सालापाशी रेघ मारून यादीचे दोन भाग करणे. पहिल्या स्पर्धेत आठ खेळाडूंनी 12 होलांच्या मैदानाच्या तीन फेऱ्या एकाच दिवशी खेळल्या आणि विली पार्क 174 फटक्यांत विजयी झाले. 1892 मध्ये म्युअरफिल्ड येथे प्रथमच 72 होल खेळवले गेले आणि ती स्पर्धा हॅरल्ड हिल्टन या हौशी खेळाडूने जिंकली. रेघेच्या अलीकडचा आणि पलीकडचा फटक्यांचा आकडा शेजारी ठेवण्यात काहीच अर्थ नाही. विजयाच्या फरकाचेही तसेच आहे : थोरल्या टॉम मॉरिस यांनी 1862 मध्ये 13 फटक्यांच्या फरकाने मिळवलेला विजय या स्पर्धेत आजही सर्वांत मोठा आहे, पण तो 36 होलांतला आणि मोजक्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचा आहे. माझ्या मते त्याला वेगळ्या रकान्यात ठेवणेच न्याय्य ठरते.

रेघेनंतरच्या काळात एकूण फटके आणि ‘पार’शी (मैदानाच्या एका फेरीसाठी ठरवलेल्या अपेक्षित फटक्यांशी) तुलना, असे दोन रकाने करावेत. 2016 मध्ये रॉयल ट्रून येथे हेन्रिक स्टेन्सन यांनी 264 फटक्यांत स्पर्धा जिंकली, तर 2022 मध्ये कॅमेरॉन स्मिथ यांनी सेंट अँड्र्यूज येथे 268 फटके घेतले. तरी दोघेही चार फेऱ्यांच्या एकूण पारपेक्षा 20 ने कमी आहेत, कारण प्रत्येक फेरीसाठी ट्रूनचा पार 71 आणि सेंट अँड्र्यूजचा 72 होता. दुसऱ्या क्रमांकाचा आकडाही अवश्य टिपावा. ग्रेग नॉर्मन यांनी 1993 मध्ये 267 फटक्यांचा विक्रम करून विजेतेपद मिळवले होते. 2016 मध्ये नेमक्या 267 फटक्यांवर फिल मिकल्सन तीन फटक्यांनी हरले, आणि तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडू त्यांच्याही 11 फटके मागे होता. एवढ्या एका ओळीवरून त्या दोघांच्या झुंजीची उंची कळते. उलट 1999 मध्ये कार्नूस्टीच्या खडतर मैदानावर पॉल लॉरी 290 फटक्यांनिशी, म्हणजे पारपेक्षा सहा अधिक घेऊन विजेते ठरले. समुद्राकाठच्या लिंक्स मैदानांवर वारा हा खेळाचाच भाग असल्याने मोठा आकडा म्हणजे सुमार खेळ, असे समजू नये.

विजेतेपदांची मोजणी त्या मानाने सोपी आहे. हॅरी व्हार्डन यांची 1896 ते 1914 या काळातील सहा विजेतेपदे सर्वाधिक असून जेम्स ब्रेड, जॉन हेन्री टेलर, पीटर थॉमसन आणि टॉम वॉटसन यांची प्रत्येकी पाच आहेत. वयाचे दोन्ही विक्रम एकाच घरात आहेत : धाकटे मॉरिस 1868 मध्ये 17व्या वर्षी जिंकले, तर त्यांचे वडील 1867 मध्ये 46व्या वर्षी.

बरोबरी झालेली वर्षे वेगळ्या खुणेने दाखवावीत, कारण प्लेऑफमधील, म्हणजे बरोबरी सोडवण्यासाठी खेळवलेल्या जादा होलांवरचे, फटके मूळ बेरजेत धरले जात नाहीत. 2009 मध्ये टर्नबेरी येथे स्ट्युअर्ट सिंक आणि 59 वर्षांचे टॉम वॉटसन या दोघांच्या नावापुढे 278 हाच आकडा दिसतो. सिंक जिंकले ते त्यानंतरच्या चार होलांवर. खुणेजवळ प्लेऑफचा प्रकारही लिहावा : 1963 मध्ये तो 36 होलांचा होता, 1970 मध्ये 18 होलांचा आणि 1989 मध्ये प्रथमच चार होलांचा खेळवला गेला, तर 2019 पासून नियम तीन होलांचा आहे.